शाल-नारळ झाला, खोलीचं काय?

१५ ऑगस्टची ग्रामसभा आमच्या गावात सहसा अर्ध्या तासात उरकते. झेंडावंदन होतं, मुलांना खाऊ वाटला जातो, ठराव वाचले जातात आणि माणसं आपापल्या कपाशीकडे निघून जातात. यंदा ती दोन तास चालली. भांडण झालं ते शाळेत आलेल्या नव्या शिक्षकांवरून. जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं हे गाव. जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंत, पट सत्तावन्न, शिक्षक दोन. यंदा दोन्ही जागांवर नवी माणसं आली. सर नांदेड जिल्ह्यातले, मॅडम सांगली जिल्ह्यातल्या, आणि दोघांचीही ही पहिलीच नेमणूक. एका गटाचं म्हणणं असं, की शेजारच्या गावाने नव्या शिक्षकांची बैलगाडीतून मिरवणूक काढली, आपण गुलाबाचं फूल देऊन भागवलं, यात गावाची शोभा गेली. दुसरा गट म्हणाला, शोभा राहू द्या बाजूला. पारोळ्याहून अप-डाऊन करणाऱ्यांना शाल कशाला घालायची? आधी मुक्कामी राहतील असं लिहून घ्या, नाही राहिले तर घरभाडे भत्ता कापायला लावा, मग नारळ फोडा. आवाज चढले, जुनी भांडणं वर आली. दोन्ही शिक्षक समोरच्या बाकावर बसून होते. दोन तासांत त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तीस वर्षं शिकवलं आणि आता याच गावात राहते, म्हणून मला हा वाद परका नाही. तालुक्या-तालुक्यात तो असाच चालतो आणि असाच चुकीचा चालतो. दोन्ही गट एकमेकांविरुद्ध तावातावाने बोलत होते, पण त्यांच्या बोलण्यामागची समजूत एकच आहे: शिक्षक हा बाहेरचा माणूस. एकाला तो पाहुणा दिसतो, दुसऱ्याला आरोपी. माझं मत स्पष्ट आहे. नव्या शिक्षकाला गावात रुजवणं हे गावाचं काम आहे, शासनाचं नंतर. ते एका सकाळच्या कार्यक्रमाने होत नाही आणि भत्ता कापण्याच्या धमकीने तर मुळीच होत नाही. त्याला पहिलं वर्षभर लागतं. त्याला राहायला खोली लागते, मुलांची बोली समजावून देणारं कुणीतरी लागतं आणि गावाच्या कोणत्या गल्लीत काय चाललंय हे न भांडता सांगणारी दोन-चार माणसं लागतात. एवढं ज्या गावाला जमत नाही, त्याने मिरवणूक काढली काय आणि नाही काढली काय.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे. शिक्षक पगार घेतो. बँकेचा कारकून बदलून येतो, तलाठी येतो, महावितरणचा वायरमन येतो. त्यांच्यासाठी गाव खोली शोधत फिरतं का? मग शिक्षकाचेच एवढे लाड का? दिवसभर कपाशी वेचून, दोनशे-तीनशे रुपये रोज घेऊन घरी येणारी बाई हे विचारते तेव्हा मला तिचा राग येत नाही. तिच्या दृष्टीने शिक्षक हा गावातला सर्वांत सुखी माणूस. तिला एवढंच सांगायचं, की वायरमन चुकला तर एक दिवस अंधार होतो. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. म्हणजे आमच्या गावात आलेला प्रत्येक शिक्षक ही अर्धी शाळा आहे. अर्धी शाळा गावात बुजून, कोपऱ्यात बसून, घड्याळाकडे बघत राहिली तर त्याचा तोटा शिक्षकाला होत नाही, त्या बाईच्या पोरीला होतो. आणि पगाराचंच म्हणाल, तर नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं पगार नसतोच. तो शिक्षण सेवक असतो आणि त्याला मानधन मिळतं. ही योजना २००० साली आली तेव्हापासून ते मानधन हा चेष्टेचा विषय होता. २०२३ मध्ये ते वाढून प्राथमिकला १६ हजार रुपये झालं. त्यात भत्ते नाहीत. ज्या घरभाडे भत्त्यावरून ग्रामसभेत मुठी आपटल्या गेल्या, तो त्या बाकावर बसलेल्या दोघांना मिळतच नाही! दोन तास गाव ज्या पैशांवरून भांडलं, ते पैसे त्यांच्या खिशात नव्हतेच, आणि हे सांगायची हिंमतही त्यांच्यात नव्हती, कारण ते नवे होते.

ते नवे होते, पण पोरसवदा नव्हते, हेही लक्षात घ्या. २०१२ नंतर राज्यात शिक्षक भरती जवळपास ठप्प झाली. भरतीच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलसाठी पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ च्या अखेरीस झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. डी.एड. करून बसलेल्या मुलामुलींची उमेदीची वर्षं या वाट पाहण्यात गेली. कुणी दुकानात बसलं, कुणी खाजगी शाळेत चार-पाच हजारांवर राबलं. आमच्या सरांचं वय चौतीस आहे. ते माणूस इथे आलं ते दहा वर्षांची थकबाकी घेऊन. जिल्हा परिषदेच्या सभागृहात समुपदेशनाला बोलावतात, पडद्यावर रिकाम्या शाळांची यादी असते, नाव पुकारलं की मिनिटभरात गाव निवडायचं. पडद्यावरच्या त्या एका ओळीवरून आमचं गाव त्यांच्या नशिबी आलं. दोन दिवसांत रुजू अहवाल, की लागलीच पोषण आहाराची नोंदवही, ऑनलाइन माहिती, पाच वर्ग. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी आपण शाळापूर्व तयारीचा मेळावा घेतो, प्रवेशोत्सव करतो, त्याच्या पावलांचे ठसे कागदावर घेतो. त्याला शिकवणाऱ्याची तयारी कोण करून घेतं?

आता अप-डाऊनचं. हा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गावात सोय असूनही न राहणारे, पाच वाजण्याआधीच मोटारसायकलला किक मारणारे शिक्षक मी पाहिले आहेत, त्यांच्याबरोबर काम केलं आहे आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. शिक्षक गावात राहिला तर मुलांना त्याचा फायदा होतो, यात मला शंका नाही. पण न राहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर ‘अप-डाऊन’ चिकटवण्याआधी एक जुनी गोष्ट सांगते. ती मी आजवर लिहिली नाही, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

१९९१ साली मी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या एका गावी पहिल्यांदा रुजू झाले. माझ्याच दिवशी आणखी एक बाई रुजू झाल्या. दोघी एका वयाच्या, दोघी एकाच गाडीतून उतरलो, हातात सारख्याच पत्र्याच्या पेट्या. मी यावल तालुक्यातली. मला दुपारपर्यंत खोली मिळाली. घरमालकीण आजीने संध्याकाळी भाकर आणि लसणाची चटणी आणून दिली, माठ भरून दिला, रात्री माझ्या दाराशी खाट टाकून स्वतः झोपली. त्या आजीचं ऋण मी विसरणार नाही. पण मला खोली मिळाली ती माझ्या आडनावामुळे, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं. त्या बाईंना ज्या ज्या दारात विचारलं, तिथे आधी गाव विचारलं गेलं, मग आडनाव, मग आडनावावरून अंदाज येईना तेव्हा सरळ समाज. उत्तर ऐकून कुणी शिवी दिली नाही. ‘आमच्याकडे कुळधर्म असतो, बाई,’ एवढंच म्हणाले. चार महिने त्या धुळ्याहून येत-जात राहिल्या. सकाळी सहाची एसटी, फाट्यावर उतरून चार किलोमीटर पायी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की चपला हातात घ्यायच्या. शाळेत पोचल्यावर हातपंपावर गुडघ्यापर्यंतचा चिखल धुवायच्या आणि मग वर्गात जायच्या. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘उशिरा’ पडायचं. गावात त्यांचं नाव पडलं, ‘अप-डाऊनवाल्या बाई’. आणि मी? माझ्या घरमालकिणीची पलीकडची खोली तेव्हा रिकामी होती; तिच्यात कडबा भरलेला होता. मी रोज त्या कडब्यासमोरून शाळेत गेले आणि चार महिने काही बोलले नाही. नवी आहे, कशाला वाईटपणा घ्या, असं मनाला समजावत राहिले.

चौथ्या महिन्यात त्यांना खोली दिली ती भिल्ल वस्तीतल्या एका कुटुंबाने, ओसरीला लागून असलेली. त्या वस्तीतली मुलं दरवर्षी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायची आणि पटावर नुसती नावं उरायची. त्या वर्षी त्यातली पाच मुलं आजीजवळ मागे राहिली. कारण विचारलं तर त्यांची आजी म्हणाली, बाई शेजारीच आहेत ना, मग आमचं आम्ही बघतो. मी त्या गावात त्यांच्याइतकीच वर्षं काढली, चांगल्या घरात राहून. माझ्यामुळे वस्तीतलं एकही मूल ऊसतोडीपासून मागे राहिलं नाही. खोली कुठे मिळते यावर शाळा कुणाची होते हे ठरतं, हे मला त्या पाच मुलांनी शिकवलं.

आपण ३ जानेवारीला शाळाशाळांत सावित्रीबाईंवर भाषणं ठेवतो. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, हे पहिलीतलं मूलही सांगतं. त्या कथेचा दुसरा भाग मात्र भाषणात क्वचित येतो. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. कुणीतरी दार उघडलं, म्हणून ते काम पुढे चाललं. शेण फेकणाऱ्यांपेक्षा आपण फार पुढे आलो, यात वाद नाही. आज शिक्षिकेवर फुलं टाकतो. पण त्या काळीही खरी परीक्षा रस्त्यावर नव्हती, उंबऱ्यावर होती, आणि उंबऱ्यावरचा तो प्रश्न आजही तसाच विचारला जातो. आमच्या गावातही विचारला गेला. सरांनी जूनमध्ये तीन घरं पाहिली. त्यानंतर त्यांनी पारोळ्यात खोली घेतली.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. लोक म्हणतात, हा सगळा खटाटोप कशासाठी? स्थानिक माणूसच शिक्षक नेमा. त्याला खोली नको, बोली शिकवायला नको, तो बदली मागणार नाही. हे म्हणणं उथळ नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनीच मांडलं होतं की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत. आपल्याच खानदेशात, नर्मदेच्या बुडितात जाणाऱ्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या गावांमध्ये नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, तेव्हा त्याच गावांतली तरुण मुलं शिक्षक झाली, पोरांच्या बोलीत शिकवू लागली, आणि जिथे सरकारी शाळा कागदावर होत्या तिथे प्रत्यक्षात वर्ग भरले. सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवर त्या समाजातून आलेल्या शिक्षकाला पर्याय नाही, हे मी मान्य करते. अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांची भरती व्हावी ही मागणी मला न्याय्य वाटते.

मात्र पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याच्या सपाटीवरचं गाव जेव्हा ‘स्थानिक’ म्हणतं, तेव्हा मी विचारते, स्थानिक म्हणजे कोणत्या गल्लीतला? गावात जन्मलेला माणूस कुठल्यातरी भाऊबंदकीत, कुठल्यातरी पार्टीत जन्मलेला असतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याचा काका उभा असतो. वस्तीवरच्या मुलाला तो आपला वाटेलच असं नाही. जोतीरावांनी मागितलेला गुण होता मोकळेपणाने मिसळण्याचा, लोकांपासून फटकून न राहण्याचा. जन्मगाव ही त्या गुणाची हमी नाही. आणि मिसळणं ही दोन्ही बाजूंनी करायची गोष्ट आहे. ज्याला तीन दारांतून परत पाठवलं, त्याला तुम्ही मिसळत का नाही असं विचारण्याचा हक्क गावाला राहत नाही. शिवाय आपली पोरं कुठे शिकवतात तेही आठवा. चोपडा, पारोळा, शिरपूरच्या कितीतरी घरांतली मुलं रत्नागिरी, रायगड, पालघरच्या जिल्हा परिषद शाळांत आहेत. तिथले लोकही म्हणतात, स्थानिकांनाच घ्या. तिथल्या एखाद्या वाडीवर आपल्या मुलाला आजारपणात कुणी पेज आणून द्यावी असं आपल्याला वाटतं ना? मग नांदेडच्या आईलाही तसंच वाटत असेल.

बोलीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सोपा समजू नये. आमच्या सरांचा एक प्रसंग सांगते. मधल्या सुट्टीत ते शाळेच्या टेबलावरचे कागद घेऊन बाहेर निघाले की दुसरीतली पोरं भोवती जमायची आणि विचारायची, ‘सर, कथा चालनात?’ अहिराणीत, म्हणजे आमच्या इकडच्या बोलीत, ‘कथा’ म्हणजे कुठे. सर, कुठे चाललात, एवढाच प्रश्न. सरांना वाटलं, पोरं कथा मागतात. ते पायरीवर बसायचे आणि एक गोष्ट सांगायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन आठवडे त्या माणसाने रोज एक गोष्ट सांगितली, झेरॉक्सचं काम तसंच ठेवून! मला हे कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले. असा शिक्षक पदरात पडायला गावाचं भाग्य लागतं. पण राग आला तो या गोष्टीचा, की तीन आठवडे शाळेच्या कट्ट्यावर बसणाऱ्या एकाही मोठ्या माणसाने त्यांना त्या एका शब्दाचा अर्थ सांगितला नाही. इथे गोष्ट हाती लागली. दुसऱ्या एखाद्या शब्दावर पोराला मारही बसू शकला असता. ‘काब्र’ म्हणजे का, ‘आंडोर’ म्हणजे मुलगा, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, ‘वावर’ म्हणजे शेत, असे शे-दोनशे शब्द एका वहीत लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो? हे स्वागत आहे. अशी वही पहिल्या आठवड्यात हातात पडली, तर पाच मीटरच्या फेट्यापेक्षा ती जास्त उपयोगाची. मी स्वतः लेवा गणबोलीत वाढलेली. साक्रीकडची अहिराणी मला पहिल्या महिन्यात अर्धीच कळायची. खानदेशातल्या खानदेशात माझी ही गत, तर किनवट किंवा जतहून आलेल्यांचं काय होत असेल!

परक्या मुलुखातून आलेल्या शिक्षकाने खानदेश आपलासा केल्याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच दाराशी आहे. दापोली तालुक्यातल्या पालगडचा एक तरुण तत्त्वज्ञान शिकायला अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला आणि १९२४ मध्ये तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाला. साने गुरुजींचं चरित्र आपण एका महापुरुषाची गोष्ट म्हणून सांगतो आणि त्यातला गावाचा वाटा गाळून टाकतो. शाळेने त्या नव्या माणसाच्या हाती छात्रालय दिलं. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, त्यांचे कपडे, त्यांची आजारपणं, त्यांच्या घरच्या अडचणी हे सगळं त्यांच्या ओंजळीत टाकलं. छात्रालयाने त्यांना खानदेश शिकवला. नुसता तास घेऊन कोपऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या शिक्षकाला ही मुलं इतक्या जवळून भेटली असती का? पुढे १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा त्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत गुरुजी होते. या मुलुखातले शेतकरी-कामगार तोवर त्यांचे स्वतःचे झाले होते. मोठेपण त्यांचं, यात वाद नाही. पण ते मोठेपण वाढायला एका गावाने जागा दिली होती.

आणि इथेच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. ‘हे काय, तीन वर्षांनी बदली मागून जाणारच.’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि बऱ्याचदा ते खरंही ठरतं. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज सुटले की शाळा रिकाम्या होतात. मी स्वतःही धुळे जिल्ह्यातून जळगाव जिल्ह्यात अशीच आले. आई-वडील थकतात, नवरा-बायको दोन टोकांना असतात, माणूस घराकडे ओढला जातो, यात गैर काय? साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत किती वर्षं होते? १९२४ ते १९३०. सहा वर्षं. मग नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. त्या सहा वर्षांवर अमळनेर आजही जगतं. शिक्षक किती वर्षं थांबला हे मोजताना मुलाच्या बाजूने मोजा. तीन वर्षं ही शिक्षकाच्या नोकरीत दहावा हिस्सा असतील. पाचवीपर्यंतच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचं अर्ध्याहून जास्त शालेय आयुष्य त्यात संपतं. जाणारच आहे म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून गेलेला धरलं, तर ती तीन वर्षंही हातची जातात. पाहुणचारात खानदेश कुणाला हार जाणार नाही. शेवभाजी, वरण-बट्टी, मांडे करून आपण माणसाला तृप्त करतो. पण पाहुण्याला ताट मिळतं, चावी मिळत नाही. आणि पाहुण्याला तिसऱ्या दिवशी आपण विचारतोच, कधी निघणार?

एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो, तो कुणी ग्रामसभेत मांडला नाही. गावाची जवळीक ही शिक्षकाला, विशेषतः एकट्या बाईमाणसाला, जाचकही होते. रात्री दिवा कितीपर्यंत होता, कोण भेटायला आलं, रविवारी कुठे गेली, फोनवर कुणाशी बोलते, याचा हिशेब ठेवणारी माणसं प्रत्येक गावात असतात. खोली देणारा घरमालक पुढे निवडणुकीत शब्द मागतो. सरपंचाच्या वाड्यात राहिलेला शिक्षक विरोधी पार्टीच्या पोराचा शत्रू ठरतो. पारोळ्यात खोली घेऊन राहणाऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही, म्हणून अंतर राखण्यात शहाणपण आहे, असं नव्या मॅडम मला म्हणाल्या तेव्हा मी गप्प झाले, कारण त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला एका घराने दिलेला आसरा पुरेसा वाटत नाही. खोली गावाची हवी, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवलेली, भाडं ठरलेलं, पावती देणारी, स्वतंत्र दाराची, आत संडास-मोरी असलेली. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. त्या बायकांना बैठकीला खरोखर बोलावलं आणि सहीपुरतं घरी रजिस्टर पाठवणं बंद केलं, तर एकट्या शिक्षिकेला काय लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि ज्या गावाला शिक्षिका मुक्कामी हवी आहे, त्याने तिच्या खिडकीवर पहारा ठेवणं सोडलं पाहिजे. ही अट ठरावात लिहा, तिच्याकडून लिहून घेण्याआधी.

गावाला हे झेपणार नाही, असं मला कुणी सांगू नये. श्रावणात कानबाई, ही आपली खानदेशी देवी, बसते तेव्हा सुरत, मुंबई, नाशिकहून माणसं गोळा करणारं, भाऊबंदकीचा स्वयंपाक उभा करणारं हेच गाव आहे. आपली माणसं पहिल्यांदा सुरतला मजुरीला गेली तेव्हा उधन्यात, लिंबायतात त्यांच्यासाठी खोली कुणी पाहिली? आधी गेलेल्या गाववाल्याने. मालकाशी बोलून दिलं, स्टोव्ह दिला, कारखान्याचा रस्ता दाखवला, गुजरातीतले चार शब्द शिकवले. परक्या शहरात नवा माणूस कसा रुजवतात हे खानदेशाएवढं कुणाला ठाऊक आहे? तेव्हा कुणी कुणाला शाल घातली नाही.

आमच्या गावात मारुतीच्या पाराजवळ एक बंद घर आहे. मालक सुरतला असतो, वर्षातून एकदा कानबाईला येतो. ग्रामसभेनंतर आठ दिवसांनी, समितीच्या दोन बायका शेजारी बसलेल्या असताना, मी त्याला फोन लावला. दोन्ही शिक्षकांपैकी मॅडमना त्या घराची पुढची बाजू भाड्याने मिळेल का, असं विचारलं. तो म्हणाला, ‘देऊ ना, मावशी. पण कोणत्या समाजाच्या आहेत?’ मी म्हटलं, ‘भाऊ, हे विचारूनच द्यायची असेल तर चावी तुझ्याकडेच राहू दे. मी एकदा हा प्रश्न ऐकून गप्प बसले होते, आता बसणार नाही.’ पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. फोन कट झाला असं आम्हाला वाटलं. मग तो म्हणाला, विचारून सांगतो.

तिसऱ्या दिवशी त्याची काकू चावी घेऊन आली. पुढची खोली कोरडी आहे, पण पंखा नाही, आणि मागच्या मोरीची फरशी उखडली आहे. समितीतल्या एकाचा भाऊ फरशीचं काम करतो. दिवाळीच्या सुट्टीत करून देतो म्हणाला आहे. सरांसाठी अजून खोली सापडलेली नाही. उद्या संध्याकाळी आम्ही तिघी खालच्या गल्लीत जाणार आहोत.